पांढरीत बकेट घालणाऱ्या दादांना खुले पत्र

प्रति,
पंचक्रोशीतील सर्व जेसीबी, पोकलेन आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीवाले दादा,

स. न. वि. वि.

मी निवृत्त चित्रकला शिक्षक. प्रवरेच्या खोऱ्यातच राहतो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना मी शाळेत घडा आणि विटेच्या चित्राला दहापैकी तीन मार्क दिले असतील, त्याचा राग आता सोडून द्यावा. निवृत्तीनंतर सकाळी फिरायला जातो तेव्हा माझी नजर रस्त्यावर कमी आणि बांधावर जास्त असते. खिशात खापरं सापडतात म्हणून घरात माझा सदरा झटकल्याशिवाय धुवायला जात नाही. लोक मला 'खापरवाले सर' म्हणतात. माझी काही तक्रार नाही.

हे पत्र साहेब लोकांना लिहा, असे पुष्कळांनी सुचवले. त्यांनाही लिहिली आहेत, पोचपावत्या फाईलला लावून ठेवल्या आहेत. पण या भागात जमिनीखालचे जुने जे काही आज पहिल्यांदा उजेडात येते, ते साहेबांच्या टेबलावर येत नाही, तुमच्या बकेटमध्ये येते. शेततळे, विहीर, घराचा पाया, पाईपलाईन, रस्त्याचे रुंदीकरण, पाडकामाला काढलेला वाडा, सगळीकडे पहिला हात तुमचा. उत्खनन करणारी मंडळी खुरपी आणि ब्रश घेऊन दिवसाला चार बोटे खाली जातात. तुम्ही जेवणाच्या सुट्टीपर्यंत दहा फूट जाता. तेव्हा बोलायचे ते तुमच्याशीच.

आपल्याकडे गावाची जमीन दोन प्रकारची, काळी आणि पांढरी. काळीत पिकते, पांढरीत माणूस राहतो. जुने गावठाण उठून गेले, की मागे पांढरीचे टेकाड उरते. ती माती पांढुरकी का दिसते, याचा विचार आपण करत नाही. चुलीची राख, शेण, चुना, पडलेल्या भिंतींची माती, पुन्हा त्यावर नवे घर, पुन्हा पडझड, असे शेकडो वर्षे एकावर एक बसत गेले की टेकाड होते. आमच्या आजीच्या काळात धाब्यावर टाकायला या टेकाडावरून पाट्या भरून माती आणत. पाटीने माती नेली तर टेकाडाला शंभर वर्षांतही फारसा फरक पडत नव्हता. आता खताला चांगली म्हणून तीच माती ब्रासच्या भावाने शेतात जाते. एका हंगामात टेकाड सपाट होते आणि वर ऊस उभा राहतो. शेतकऱ्याला मी दोष देत नाही. त्याला पीक हवे आहे, तुम्हाला तासाचे भाडे हवे आहे. मला फक्त मध्ये थोडा वेळ हवा आहे.

त्या टेकाडात काय असते, हे आपल्या भागातल्यांना वेगळे सांगायला नको. संगमनेरजवळचे जोर्वे आपल्याला बाजाराच्या वाटेवरचे गाव म्हणून माहीत आहे. तिथे 1950-51 साली उत्खनन झाले आणि तिथल्या खापरांवरून एका अख्ख्या संस्कृतीला या गावाचे नाव मिळाले. देशभरच्या पुरातत्त्वाच्या पुस्तकांत 'जोर्वे' हा शब्द आहे. जोर्वे खापर ओळखायला फार शिकलेला माणूस लागत नाही. लाल किंवा नारिंगी अंग, चकाकी नाही, वर काळ्या रंगात तिरप्या रेघा, जाळी, चौकटी. नखाने टिचकी मारली तर धातूसारखा खण्ण आवाज येतो, कारण भट्टी उत्तम लागलेली असते. आतून पाहिले तर चाकाच्या बारीक गोल रेघा दिसतात. कधी नुसती लांब तोटीच सापडते. ती पाहून एका मुलाने मला विचारले होते, 'सर, ही चिलीम का?' चिलीम नव्हे, पाण्याच्या भांड्याची तोटी. तीन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी तिने पाणी ओतले होते.

अर्थात लोक मला जे आणून दाखवतात त्यातले निम्मे मंगलोरी कौल असते. तेही मी बघतो. आणून दाखवणाऱ्याला हिरमुसले करून पाठवले, तर पुढच्या खेपेला तो काहीच आणत नाही.

आता माझीच एक चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय तुम्हाला काही सांगायचा मला अधिकार नाही.

नोकरीला लागून चार-पाच वर्षे झाली असतील. पावसाळ्यानंतर ओढ्याची दरड कोसळली होती आणि कापलेल्या मातीत दोन गडद करड्या रंगाची मडकी आडवी दिसत होती, तोंडाला तोंड लावून ठेवलेली. एक आधीच निम्मे फुटले होते. दुसरे मी कसेबसे ओढून काढले, सायकलच्या कॅरिअरला बांधले आणि घरी आणले. मला ते वर्गात मुलांपुढे चित्र काढायला ठेवायचे होते. आत गच्च माती बसली होती. परसात बसून चमच्याने ती माती उकरली आणि पारिजातकाच्या बुंध्याशी टाकली. मातीत पांढरट काड्यांसारखे काहीतरी होते. मुळ्या असतील, असे वाटले. मडके तारेच्या घासणीने घासून स्वच्छ केले, वर्गात नेले, दोन वर्षे मुलांनी त्याची चित्रे काढली.

पुढे कधीतरी इनामगावच्या उत्खननाबद्दल वाचनात आले. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी हे गाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या लोकांनी 1968 पासून तिथे पंधराएक वर्षे खणले. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर, झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली नावे. तिथे शंभराहून जास्त घरे सापडली. त्या काळचे लोक लहान मूल गेले, की त्याला दोन करड्या मडक्यांत ठेवत, मडकी तोंडाला तोंड लावून आडवी करत आणि घरातच जमिनीखाली पुरत. मी ते वाचले आणि पुस्तक मिटून परसात गेलो. पारिजातक तोवर माझ्या डोक्याच्या वर गेला होता.

ते मडके आजही माझ्याकडे आहे. घासणीचे ओरखडे त्यावर दिसतात. ते कोणत्या थरात होते, वर जमीन होती का, शेजारी चूल होती का, पोर किती महिन्यांचे होते, यातले काहीही आता कोणालाही सांगता येणार नाही. दरडही पुढच्याच पुरात वाहून गेली.

मला तुमच्यापुढे मांडायचे आहे ते इतकेच. वस्तू जितकी महत्त्वाची, तितकीच ती जिथे होती ती जागा महत्त्वाची. सोने, पितळ, दगड, खापर काहीही असो, ते कोणत्या मातीत होते, किती खोल होते, शेजारी काय होते, यावरून त्याची ओळख पटते. जागेवरून उचलले, की वस्तू उरते आणि ओळख जाते.

दायमाबाद आपल्या श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्याच काठावर आहे. 1974 साली तिथल्या एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाचे मूळ काढताना ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या. दोन बैल जुंपलेला रथ आणि त्यावर उभा सारथी, एक रेडा, एक हत्ती, एक गेंडा. चारींचे मिळून वजन साठ किलोंच्या वर. रथ हातभर लांब आहे आणि त्याच्या दांडीवर एक कुत्रा उभा आहे. ज्याने तो ओतला त्याच्या घरी कुत्रा पाळलेला असणार, असे मला उगीच वाटते. या वस्तू सिंधू संस्कृतीच्या उत्तरकाळातल्या, असे बरेच जाणकार मानतात. काहींना ते मान्य नाही, त्यांचे बोट धातूतल्या आर्सेनिककडे आहे. वाद का राहिला? तज्ज्ञ पोचण्याआधी वस्तू जमिनीबाहेर आल्या होत्या. पुढे चार हंगाम तिथे रीतसर उत्खनन झाले, तरी रथ नेमका कोणत्या थरात होता हे डोळ्यांनी पाहिलेला पुरातत्त्वाचा माणूस नाही. त्या शेतकऱ्याचा यात काही दोष नाही. त्याने वस्तू भंगारात वितळू दिल्या नाहीत, हेच मोठे काम. पण एवढा मोठा ठेवा, आणि त्याच्या वयावर अजून प्रश्नचिन्ह.

उलटे उदाहरणही आहे. धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हणजे जुन्या काळचे तगर. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडणाऱ्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि त्यातून संग्रहालय उभे राहिले. पैठणच्या बाळासाहेब पाटलांनीही तसेच केले. तेरच्या संग्रहात हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती आहे. तशाच धाटणीची एक मूर्ती 1938 मध्ये इटलीत पाँपेईला सापडली. पाँपेई सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, म्हणजे ती मूर्ती त्याआधीची, यात शंकाच नाही. तारीख मूर्तीवर कोरलेली नव्हती, तिच्यावरच्या राखेने ती सांगितली. आपल्या तेरच्या बाईचे वय ठरवताना त्या परदेशी बहिणीची साक्ष काढावी लागते. दोघी कारागिरीने इथल्याच. पण साक्ष देता येते ती जागेवर सापडलेलीला.

तर दादांनो, बकेट चालवताना तुम्हाला जे कळते ते मला कधीच कळणार नाही. मुरूम लागला, गाळ लागला, खडक लागला, हे तुम्हाला दातांच्या आवाजावरून आणि लिव्हरच्या हिसक्यावरून समजते. तेच कसब इथे वापरायचे आहे. काळ्या मातीत अचानक राखेचा करडा पट्टा आला, भाजलेल्या लाल मातीचा थर आला, सारखी खापरे यायला लागली, रचलेले दगड ओळीत दिसले, हाडे दिसली, हिरवट डाग पडलेली माती दिसली (हिरवा म्हणजे तांबे किंवा पितळ), तर तेवढा कोपरा सोडा आणि खड्ड्याच्या दुसऱ्या टोकाला काम चालू ठेवा. मशीन उभी राहिली तर मालकाचा फोन येतो, हे मला माहीत आहे. मशीन बंद करा असे मी म्हणतच नाही. फक्त बाजू बदला.

मग खाली उतरून मोबाईल काढा. वस्तू जागेवर असतानाच फोटो घ्या. एक अगदी जवळून, शेजारी दहा रुपयांचे नाणे ठेवून, म्हणजे आकार कळतो. हात ठेवू नका, कोणाचा हात केवढा हे फोटोत कळत नाही. दुसरा फोटो कडेच्या कापलेल्या भिंतीचा, म्हणजे थर दिसतील. तिसरा लांबून, विजेचा खांब, लिंब, विहीर असे काहीतरी येईल असा. फोनमधले लोकेशन चालू असू द्या. कडेवर खिळ्याने खूण करून किती फूट खाली आहे ते मोजा. ही सगळी पाच-सात मिनिटांची गोष्ट आहे, तंबाखू मळायला लागतात तेवढी.

आणि धुऊ नका. हात जोडून सांगतो. नाणे दिसले की आपल्याकडे पहिली धाव चिंचेकडे आणि राखेकडे. एका मुलाने मला शिवराई आणून दाखवली होती. शिवराई म्हणजे आपल्या छत्रपतींचे तांब्याचे नाणे. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे अक्षरे कधीच पुरी उमटत नाहीत. कुठे 'राजा'चा काना दिसतो, कुठे नुसता 'व'. अशा अर्ध्यामुर्ध्या अक्षरांच्या वळणावरूनच नाणे आधीचे की नंतरचे हे जाणकार सांगतात. या मुलाने आईच्या देवघरातली पितांबरी लावून ती सोन्यासारखी चमकवली होती. 'शिव'मधली वेलांटी घासून गेली होती. तो आनंदाने बघत होता आणि मला काय बोलावे ते सुचेना.

पैशाचा विषय निघणारच, तो मीच काढतो. जमिनीत सापडलेल्या धनाबद्दल 1878 चा निखात निधी कायदा आहे, इंग्रजांच्या काळातला, आजही लागू. 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीचे काही जमिनीत दडलेले सापडले, तर कलेक्टरला लेखी कळवायचे: काय, कुठे, कोणत्या तारखेला. वस्तू सरकारी खजिन्यात जमा करायची किंवा तशी हमी द्यायची. खरा मालक कोणी निघाला नाही आणि सापडवणारा व जागामालक यांच्यात वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जागामालकाचा. सरकारला वस्तू ठेवून घ्यायची असेल, तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश वाढवून द्यावे लागतात. लपवले तर एक वर्षापर्यंत कैद. हे तीन हिस्से तुमच्यापैकी फार थोड्यांना माहीत असतील, कारण ते तुम्हाला सांगण्यात कोणाचाच फायदा नाही. शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंना 1972 चा आणखी एक कायदा लागतो. त्यांचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही आणि त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. रात्री गाडी घेऊन येणारा आणि 'रोख देतो, कुठे बोलू नको' म्हणणारा माणूस या दोन्ही कायद्यांत तुम्हाला पुढे करून स्वतः मागे राहतो.

कळवल्यावर काय होते, हेही खोटे सांगणार नाही. कधी लगेच कोणी येते, कधी महिना जातो. एका कार्यालयात मला 'तुमचं खापर इथं ठेवू नका, टेबल खराब होतं' असेही ऐकावे लागले आहे. पण लेखी अर्ज द्या, शिक्का मारलेली प्रत घ्या. ती प्रत तुमची ढाल आहे.

'आरपी'च्या नादाला तर अजिबात लागू नका. तांदूळ ओढणारे तांब्याचे भांडे म्हणजे राइस पुलर, त्यावर वीज पडलेली असते, त्यात इरिडियम असते, परदेशी शास्त्रज्ञ कोटींनी घेतात, हे सगळे थोतांड आहे. तपासणीच्या नावाखाली आधी तुमच्याकडूनच पैसे काढतात. पोलिसांत असे कितीतरी गुन्हे नोंदलेले आहेत. तसेच 1818 सालचे, राम-सीता-लक्ष्मणाचे, 'ईस्ट इंडिया कंपनी' लिहिलेले नाणे. कंपनीने असे नाणे कधी पाडलेच नाही. देवळाबाहेर विकायला केलेला तो शिक्का आहे. देवघरात ठेवा, रामाला हळदकुंकू वाहा, पण त्यावर जमीन गहाण ठेवू नका.

देवळाच्या जीर्णोद्धाराला आणि रस्त्याच्या कामाला मशीन लागते तेव्हा दगड आडवे येतात. शेंदूर फासलेला असला तर तुम्ही नमस्कार करून बाजूला ठेवता, कोरा दिसला तर भरावात जातो. भरावात ढकलण्याआधी एकदा उलटून बघा. उभ्या दगडावर तीन-चार चौकटी असतील, खालच्यात पडलेला माणूस, गुरे, लढाई, मधल्यात अप्सरा त्याला वर नेताना, सगळ्यात वर शिवपिंडीची पूजा आणि माथ्यावर सूर्य-चंद्र, तर तो वीरगळ. गावाची गुरे पळवणाऱ्यांशी लढताना मेलेल्या पोराची ती आठवण असते. कोपरात वळलेला, बांगड्या भरलेला हात असेल तर सतीचा दगड. खाली गाढव कोरलेले दिसले तर हसू नका. तो गधेगळ. दिलेले दान मोडणाऱ्याला दिलेली ती शिवी असते, आणि वर अक्षरे असण्याची शक्यता मोठी. अलिबागजवळच्या अक्षीचा शिलालेख, जो सर्वांत जुन्या मराठी शिलालेखांत धरला जातो, तो असाच दगड. लोक कित्येक वर्षे त्याच्या शेजारून ये-जा करत होते.

वाडे पाडताना मात्र माझी भीती वेगळी असते. माळ्यावरचे सामान भंगारवाला किलोने नेतो. पितळी घंगाळ, बंब, लामणदिवा यांना निदान वजन असते. लाकडी मापट्याला तेही नसते. शेर, मापटे, चिपटे, कोळवे, निळवे: निम्म्या-निम्म्याने उतरत जाणारा मापांचा हा संसार मीटर-लिटर आल्यावर बंद झाला आणि मापे चुलीत गेली. कडेला ठोकलेले शिक्के असलेले एखादे मापटे हाती लागले, तर ते शिक्के वाचा. साल असते, कधी गावाचे नाव असते. पुण्याच्या दिनकर केळकरांनी आयुष्यभर असल्याच घरगुती वस्तू, दिवे, अडकित्ते, दौती, कुलुपे गोळा केल्या आणि गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय केले. अडकित्ते तर असे आहेत की तिथून पाय निघत नाही. तुमच्या ट्रॉलीतून रोज त्यातले काहीतरी जाते. वाडा कोणाचा, कोणत्या खोलीत, कोणत्या फडताळात होते, हे एका कागदावर लिहून वस्तूसोबत बांधून ठेवलेत, तरी निम्मे काम झाले. दोरी सुतळीची असू द्या, चिकटपट्टी लाकडाचा रंग ओढते.

कळले आहे की येत्या सोमवारी ओढ्यापलीकडच्या पांढरीत शेततळ्याचे काम सुरू होणार आहे. शेतमालकाशी बोललो, त्याची हरकत नाही. मी सकाळी सातपासून बांधावरच्या लिंबाखाली असेन. मशीनच्या आड येणार नाही. सोबत फूटपट्टी, सुतळी, कागदी पिशव्या आणि चहाचा थर्मास असेल. कप चार आणतो, हेल्परसुद्धा धरून.

आपला,
खापरवाले सर